गुरनुले काकाजींची गस्त

गुरनुले काकाजी गेम खेळायला बसताना पायात बूट घालत. घरातल्या घरात, स्वतःच्याच खुर्चीवर बसायला. वनखात्यातले ते जाड काळे बूट. आधी मोजे, मग बूट, मग नाडीला दोन गाठी. डोक्यावर खाकी टोपी आणि उजव्या हाताशी भिंतीला टेकवलेली बांबूची काठी. एवढी तयारी झाली की ते घड्याळाकडे बघत बसत, आणि सकाळचे सहा वाजले की माउस हातात घेत. पाच मिनिटं आधी नाही, पाच मिनिटं नंतर नाही.

पण बुटातले काकाजी मी फार नंतर पाहिले. आधी त्यांना वाचलं.

गेल्या महिन्यात मला एक मेल आला. आम्ही पोरं ज्या फोरमवर गेमबद्दल लिहायचो तो फोरम बंद होतोय, आपापल्या पोस्टी उतरवून घ्या, असं त्यात होतं. मी आता गडचिरोलीला एका ऑफिसात असतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती साइट उघडली आणि नऊ वर्षांपूर्वीची माझी पहिली पोस्ट वाचायला बसलो. बसलो म्हणजे काय, चार वेळा उठलो. माणसाला आपला जुना फोटो बघवतो, पण जुनं लिहिलेलं बघवत नाही. तिथं माझं नाव होतं ‘शिकारी_किंग’. पोस्ट अशी होती: ‘भावांनो आज एका दमात ११ हरणं पाडली!! आहे का कोणी टक्कर देणारा???’ खाली पुरावा म्हणून स्क्रीनवरचा फोटो.

तेव्हा मी ब्रह्मपुरीला खोली करून राहत होतो. बी.एस्सी. झालं होतं. भरतीच्या परीक्षा देऊन झाल्या होत्या आणि निकाल काही लागत नव्हते. पुस्तक उघडायचो, मिटायचो, चौकात जाऊन चहा प्यायचो, खोलीवर यायचो, पुन्हा चौकात जायचो. चहावाल्याला वाटायचं मी कुणा पोरीची वाट बघतोय. मी कुणाचीच बघत नव्हतो, नुसतं एका जागी बसवत नव्हतं. त्यातच तो शिकारीचा गेम हाती लागला. मोठ्ठं परदेशी जंगल, हातात बंदूक आणि समोर हरणं. त्या जंगलात निदान गोळी झाडली की निकाल लगेच लागायचा.

माझ्या त्या पहिल्या पोस्टला एकच उत्तर आलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव ‘वनरक्षक_गुरनुले’.

‘प्रति, शिकारी_किंग. आपण मृत हरणे अकरा सांगितली आहेत. छायाचित्रात मोजता दहा भरतात. डावीकडील अकरावे हरीण नसून दगड आहे. तरी अकरावे कुठे आहे ते कळवावे. तसेच माद्या किती, जागा कोणती, वेळ काय, व साक्षीदार असल्यास त्यांची नावे द्यावीत.’

मी चिडलो. खरं तर हरणं दहाच होती. मी लिहिलं, काका, हा गेम आहे. त्यावर उत्तर आलं, ‘नोंद घेतली. अकरावे कुठे आहे?’

पुढचे दोन दिवस मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते सगळं आजही तिथं आहे आणि मी ते इथं लिहिणार नाही. प्रत्येक शिवीखाली त्यांचं एकच उत्तर: ‘नोंद घेतली.’ तिसऱ्या दिवशी मी थकलो आणि दगडाला हरीण म्हटल्याचं कबूल केलं. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘प्रकरण बंद करण्यात येत आहे. जेवण करत जा वेळेवर.’

मग मी त्यांच्या जुन्या पोस्टी वाचायला लागलो. फोरमवर बाकीची पोरं कोणती बंदूक भारी आणि कोणता प्राणी किती अंतरावरून पडतो, यावर भांडत असत. त्या सगळ्यांत रोज सकाळी नऊच्या सुमाराला यांची पोस्ट पडायची. ती अशी:

‘सकाळी ६ वाजता चौकीवरून निघालो. नाल्याच्या काठाने उत्तरेस गेलो. मोठी हरणे ४, पिल्लू १. अस्वलाची विष्ठा, ताजी. अवैध तोड नाई. आग नाई. वाघाचे ठसे आढळले नाईत, शोध सुरू आहे.’

त्या गेममध्ये वाघ नव्हताच. बनवणाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. पोरांनी त्यांना तसं दहा वेळा सांगितलं. त्यांचं म्हणणं, आपल्याला दिसला नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. आमच्या भागात हे म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. ब्रह्मपुरीकडं वाघ शेतापर्यंत येतो; तिथं शेतावर राहणाऱ्या कुणालाही विचारा.

माणूस आपल्याच भागातला आहे हे मला त्या ‘नाई’वरून कळलंच होतं. नागपूरची पोरं त्यांना हसत, कोल्हापूरचा एकजण त्यांना ‘साहेब’ म्हणे. मी मात्र रोज नऊ वाजता चौकातून खोलीवर परत यायला लागलो. एक दिवस त्यांनी लिहिलं की सिंदेवाहीला पाहुणे आल्यामुळे आज गस्त उशिरा झाली. सिंदेवाही म्हणजे माझ्यापासून काळी-पिवळी जीपनं तासाभराची वाट. मी त्यांना निरोप टाकला आणि दोन दिवसांनी जीपमध्ये बसलो.

घर धानाच्या शेतांकडे तोंड करून होतं. दार उघडंच होतं. आत बूट, टोपी, काठी अशा सगळ्या थाटात एक किडकिडीत म्हातारा कॉम्प्युटरसमोर बसला होता. दाराशी उजेडात त्यांच्या बायको, यमुनाकाकू, मांडीवर सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत होत्या. त्यांची पाठ कॉम्प्युटरकडे होती. काकाजींनी मला हातानंच बस म्हणून खूण केली. ते जंगलात होते.

मी दोन तास बसून होतो. एकही गोळी सुटली नाही. गेममध्ये बंदूक हातात असतेच. त्यांनी ती पाठीला अडकवायचं बटण शोधून काढलं होतं आणि चालायच्या कळांखेरीज तेवढं एकच बटण त्यांना पाठ होतं. सगळं चालणं अगदी सावकाश. टेबलाखाली त्यांचे बूटही हलत होते. चढ आला की ते पुढं वाकत. नाला आला की दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेत आणि पलीकडे पोचल्यावर खाली ठेवत. आणि तोंडानं सारखी पुटपुट चालू. “इथी उतार हाय. दगड निसरडा हाय. आता डावीकडं वळलो. समोर चार झाडं वाळली हायेत.” मला वाटलं, म्हातारपणी असं होत असेल.

गस्त संपल्यावर त्यांनी बूट काढले आणि मग माझ्याशी बोलले. तीस वर्षं त्यांनी वनरक्षकाची नोकरी केली होती, बरीचशी एटापल्लीकडच्या रानात आणि शेवटची काही सिंदेवाहीच्या आसपास. निवृत्त झाले आणि वर्षभरात दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. पहिले सहा महिने त्यांनी घराभोवती येरझारा घालून काढले. मग मुलगा नागपूरला नोकरीला लागला आणि जुना कॉम्प्युटर इथंच टाकून गेला. त्यात हा गेम होता. काय आहे म्हणून त्यांनी एकदा उघडून पाहिलं, तर जंगल निघालं.

“आन कोनी पाह्यनारंच नाई तिथं,” ते मला म्हणाले. “जो तो बंदूक घेऊन. म्या म्हनलं, हे बीट वाऱ्यावर सोडलं हाय.” बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या राखणीला दिलेला रानाचा तुकडा.

तेव्हापासून मी दर आठवड्याला जायला लागलो. इतर दिवशी आम्ही दोघं आपापल्या ठिकाणाहून एकत्र गस्त घालत असू. त्यांच्याकडे इंटरनेटचं डोंगल खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेलं असे. त्याची गती अशी, की मी नाला ओलांडून टेकडीवर पोचलेला असायचो आणि त्यांना मी अजून अलीकडच्या झाडापाशी उभा दिसायचो. ते त्या झाडापाशी माझी वाट बघत थांबायचे. फोन करून सांगितलं की मी पुढं आलोय, तर म्हणायचे, “मले तू इथी दिसून राह्यला. तुले सोडून कसा येऊ?”

एकदा त्यांनी मला गेमच्या कंपनीला पत्र लिहायला लावलं. विषय, जाळरेषा काढण्याबाबत. उन्हाळ्याआधी रानात पाला झाडून मोकळा पट्टा करतात, म्हणजे आग लागली तर पुढं सरकत नाही. तो पट्टा म्हणजे जाळरेषा. या जंगलात चार महिन्यांत कुणीही पाला झाडलेला नाही, सबब गस्त घालणाऱ्यास बंदुकीऐवजी झाडू देण्यात यावा, अशी मागणी होती. मी त्याचं इंग्रजी केलं. ‘सबब’ला शब्द सापडेना. चार दिवसांनी कंपनीकडून, आपला संदेश मिळाला, असं सगळ्यांना जातं तसलं उत्तर आलं. काकाजींनी ते बाजारातून छापून आणलं, त्याला पंचिंग केलं आणि फाइलला लावलं. वरिष्ठांनी इतक्या लवकर उत्तर दिल्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ होती.

या सगळ्यात त्यांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवताना एक पाय हलत असे. बोलता बोलता उठून ते अंगणापर्यंत जात, गुडघा धरून उभे राहत आणि परत येत. माझंही तसंच असल्यानं आम्ही कधीकधी गप्पा मारतामारता दोघंही उभेच असायचो, आणि काकू खालून दोघांना चहा वर करून द्यायच्या. काकू फार बोलत नसत. त्यांचं सूप आणि त्या, दाराशी.

पावसाळा संपता संपता मुलानं काकाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. नागपूरला. तीन आठवडे तिथंच राहायचं होतं. काकू मात्र घरी राहिल्या. गाय होती, परसात भाजी होती. जाण्याआधी काकाजींनी फोरमवर रीतसर लिहिलं की वैद्यकीय कारणास्तव गस्त बंद राहील. खाली पोरांनी चक्क शुभेच्छा दिल्या. एरवी हसणारी नागपूरची पोरं दवाखाना कुठला आहे म्हणून विचारत होती.

आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांच्या नावानं पोस्ट पडली.

‘आज मी निघाली. नाल्यापाशी गेली. पाणी चांगलं होतं. हरणं होती, मोजली नाई. एक पिल्लू जवळ आलं. बराच वेळ थांबली.’

कोल्हापूरच्या पोरानं खाली लिहिलं, साहेबांचं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. दुसऱ्यानं लिहिलं, भुलीच्या औषधाचा परिणाम असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा: ‘आज डोंगराकडे गेली. दम लागला नाई. तिथून सारं दिसते.’ मी ती ‘गेली’ आणि ‘निघाली’ तीन वेळा वाचली आणि जीप पकडली.

दार नेहमीसारखं उघडं होतं. दाराशी सूप पडलं होतं आणि काकू खुर्चीवर होत्या. अनवाणी, पाय वर घेऊन. दोन बोटांनी कळा दाबत होत्या, पण अडखळत नव्हत्या. कुठं वळायचं ते त्यांना माहीत होतं. मला बघून त्या जरा लाजल्या, उठायला लागल्या. मी म्हटलं, चालू द्या. हे कधी शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या की शिकायचं काय त्यात, रोज ऐकून ऐकून वाट पाठ झाली.

मग ती पुटपुट कुणासाठी होती ते माझ्या डोक्यात शिरलं.

काकू स्क्रीनकडे बघतच बोलत राहिल्या. “तीस वर्षं हे जंगलात गेले, बाबू. मी क्वार्टरात. कुठी गेलते विचारलं तं म्हनत, जंगलात. काय पाह्यलं, तं म्हनत, झाडं. अस्वल मागं लागलं होतं, तेही मले दुसऱ्या गार्डच्या बायकोनं सांगितलं.” त्यांनी एक वळण घेतलं. “ही मशीन आली तं पहिल्या दिवशी मले म्हनाले, बस इथी, तुले दाखवतो मी कुठी जात होतो. मले चक्कर आली त्याच्याकडं पाहून. म्हनलं, तुमी सांगा, मी ऐकते. आता सोताच चालवते तं चक्कर येत नाई.”

इतक्यात त्यांचा फोन वाजला. अकरा वाजले होते. काकूंनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकून कळफलकाशेजारी ठेवला. नागपूरहून काकाजी. दवाखान्यात त्यांनी नर्सना हैराण केलं होतं, हे मला मुलाकडून कळलेलंच होतं. पलंगावर पडून राहवत नव्हतं, रात्रंदिवस पंखा मोजत होते. त्यांनी विचारलं की आज कुठपर्यंत गेली होतीस.

गेममधल्या काकू त्या वेळी चौकीच्या दारात उभ्या होत्या. मला स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं. चौकीचा लाकडी ओटा, छपरावरचं ते वाऱ्यानं करकरत फिरणारं लोखंडी चक्र. चार पावलं टाकली की घर.

“हरवली जी मी,” काकू म्हणाल्या. “कोन्या बाजूले आली, समजून नाई राह्यलं.”

मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी हातानं मला गप्प केलं.

पलीकडून काकाजींचा आवाज एकदम बदलला. भिऊ नको म्हणाले, जागेवरच थांब म्हणाले. सूर्य कोणत्या अंगाला आहे, जमीन ओली आहे की कोरडी, असे प्रश्न विचारले आणि मग त्यांनी वाट सांगायला सुरुवात केली. उजवीकडे वळ. सरळ जा, दोन जोडझाडं लागतील. तिथून खाली उतर, पण घाई करू नको, तिथं पाय घसरतो. काकू चौकीकडे पाठ फिरवून मुकाट्यानं निघाल्या. ते सांगतील तिकडं. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय माहीत ही कुठं उभी आहे ती. आता हा तिला जंगलभर फिरवणार. आणि खरंच फिरवलं. टेकडीला वळसा घातला, पलीकडचं तळं आलं, मी सुद्धा ते तळं कधी पाहिलं नव्हतं. पाण्यात पांढरे पक्षी होते. काकूंनी ते फोनवर सांगितले. काकाजी म्हणाले, थांब जरा, पाहून घे. पाऊण तासानं त्या पुन्हा चौकीच्या दारात पोचल्या. काकूंनी पोचले म्हणून सांगितलं आणि पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या की त्यांना सांगू नकोस. रोज हरवावं लागतं. नाहीतर दिवसभर तिथं तळमळत पडतात.

मी सांगणार नव्हतो. पण माझ्या पोटात काही राहत नाही. काकाजी परत आले, वॉकर घेऊन अंगणात चार-चार पावलं टाकायला लागले, तेव्हा एक दिवस मी त्यांच्या बाजूनं चालत होतो. काकू गोठ्यात होत्या. मी म्हटलं, काकाजी, तुम्ही नागपूरला होता ना, तेव्हा काकू काही हरवत नव्हत्या. चौकीच्या दारातच असायच्या.

ते थांबले. वॉकर सरळ केला. गोठ्याकडे एकदा बघून घेतलं.

“माईत हाय मले,” ते हळू आवाजात म्हणाले. “छपरावरचं चक्र करकर वाजते ना. फोनात ऐकू येत होतं.”

मी विचारलं, मग ती टेकडी, ते तळं, तो एवढा मोठा वळसा?

“सरळ सांगितलं असतं,” काकाजी पुढचं पाऊल टाकत म्हणाले, “तं दोन मिनिटांत फोन ठेवला असता तिनं.”